डाव्या पुडीचा ठाव

बीड जिल्ह्यात गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह बसतात. रात्री नऊला कीर्तन उभे राहते आणि अकरापर्यंत चालते. मंडपात पुढे बसलेल्या माणसाला मृदंगाच्या दोन्ही बाजू ऐकू येतात. उजवीची कडक, सुरेल थाप कानाला लागते, तर डावीचा खोल घुमारा कानाआधी बरगड्यांना कळतो. हाच माणूस उठून मंडपाबाहेर, ट्रॅक्टर-ट्रॉल्या लावल्या आहेत तिथवर आला की चित्र पालटते. महाराजांचा शब्द न् शब्द कळतो. टाळ कळतात, खरे तर गरजेपेक्षा जास्तच. मृदंगाची उजवी बाजू टकटक येत राहते. डावी मात्र गायब. ती तिकडे मंडपात वाजतेच आहे, वाजवणाऱ्याचा दंड खांद्यापासून हलतो आहे, पण माईक, मिक्सर आणि कर्णे या वाटेवर कुठेतरी ती सांडून गेली आहे.

जगभरचे साऊंडवाले याच दुखण्याशी झगडत आले आहेत. ड्रमसेटमधला पायाने वाजवायचा मोठा ड्रम, ज्याला ते 'किक' म्हणतात, त्याचा तळातला आवाज माईकमध्ये उतरवणे हे त्यांच्या धंद्यातले अवघड काम समजले जाते. त्यासाठी खास माईक निघाले, ड्रमला भोके पडली, उशा कोंबल्या गेल्या. आपल्याकडे किकची जागा मृदंगाच्या डाव्या पुडीची आहे, आणि तिच्याकडे इतक्या कौतुकाने कुणी पाहिलेले नाही. मराठवाड्यात, त्यातही बीडमध्ये ही गोष्ट विशेष खटकते. कारण पखवाजाला पद्मश्री मिळवून देणारे गाव याच जिल्ह्यात आहे.

आपेगावचा वारसा

अंबाजोगाई तालुक्यातले आपेगाव. पैठणजवळचे, ज्ञानोबांच्या घराण्याचे आपेगाव वेगळे; नावामुळे बाहेरच्यांची गल्लत होते. अंबाजोगाई हे योगेश्वरीचे, मुकुंदराजांचे आणि दासोपंतांचे गाव. त्याच्याच तालुक्यातून शंकरबापू आपेगावकर आले. वारकरी भजनातला मृदंग हे त्यांचे मूळ, आणि तिथून ते देशातल्या नामवंत पखवाजवादकांच्या पंक्तीत जाऊन बसले. १९८६ साली केंद्र सरकारने त्यांना पद्मश्री दिली. त्यांचे पुत्र उद्धवबापू आपेगावकर यांनी हा वारसा पुढे चालवला.

शंकरबापूंचे मोठेपण समजून घ्यायचे तर पखवाजाचे दोन संसार लक्षात घ्यावे लागतात. एक मैफलीचा: ध्रुपद-धमाराची साथ, स्वतंत्र वादन, चौतालाच्या बारा मात्रांवर रचलेली परणे. वाईजवळच्या बावधनचे नाना पानसे एकोणिसाव्या शतकात इंदूर दरबारी गेले आणि त्यांच्या नावाने पखवाजाची एक मोठी परंपरा उभी राहिली, ती या संसारातली. दुसरा संसार फडावरचा. तिथे वाद्याला पखवाज न म्हणता मृदंग म्हणतात, वादकाला मृदंगाचार्य म्हणतात, आणि तो दोन तास उभ्याने, मृदंग गळ्यात अडकवून, पन्नास टाळांच्या गजरात वाजवतो. पहिल्या संसारात श्रोता दहा हातांवर बसलेला असतो. दुसऱ्यात तो अर्धा कोस दूर, खळ्यात बाजेवर पडल्या पडल्या ऐकत असतो. डावी पुडी हरवण्याचा प्रश्न या दुसऱ्या संसाराचा आहे. आपेगावकरांसारखी माणसे दोन्हीकडे वावरली, म्हणून मृदंगाचा पुरा आवाज कसा असतो हे या भागातल्या जुन्या कानांना नीट ठाऊक आहे. कर्ण्यातून येणाऱ्या मृदंगावर ते नाक मुरडतात ते उगीच नव्हे.

कणकेचा गोळा

मृदंगाचे खोड एकसंध लाकडाचे, आतून कोरलेले, मधे फुगीर. दोन्ही तोंडांना कातड्याच्या पुड्या, त्यांना ताणणाऱ्या वाद्या आणि वाद्यांखाली सूर चढवायला लाकडी गट्टे. उजवी पुडी लहान. तिच्या मध्यभागी काळी शाई कायमची बसवलेली. डावी मोठी, तिला धूम म्हणतात. धुमेवर शाई नसते. तिथे प्रत्येक वेळी ताजी कणीक लावावी लागते.

कणीक लावण्याचे काम बघण्यासारखे असते. गव्हाचे पीठ पोळीच्या कणकेपेक्षा जरा सैल मळून घेतात. पुडीच्या मध्यावर ओला हात फिरवतात, म्हणजे पीठ धरून राहते. मग गोळा मधोमध ठेवून अंगठ्याच्या उशीने बाहेरच्या बाजूला पसरवत नेतात. मध्ये जाड, कडेला पातळ. वाद्य मांडीवर घेऊन एक मोकळी थाप. आवाज पोकळ आला तर चिमूटभर कणीक वाढवायची; जड, मुका आला तर नखाने थोडी खरवडून काढायची. उजवी बाजू आधी गट्ट्यांवर हातोडी ठोकून महाराजांच्या पट्टीत मिळवलेली असते. डावी तिच्या खालच्या सप्तकात बोलायला लागली की जमले. उजवी काळी एकला, म्हणजे साधारण १३९ हर्ट्झला लावली असेल, तर डावीचा मूळ सूर ६९ हर्ट्झच्या आसपास येतो. ड्रमसेटमधली किकही बहुतेक याच मुलखात, ५० ते ८० हर्ट्झच्या पट्ट्यात वाजते.

कणीक लावल्याने आवाज खाली का जातो? कातडे जड झाले की ते सावकाश हलते, आणि सावकाश हलणाऱ्या कातड्याचा सूर खालचा. पण कुठे जड केले यालाही महत्त्व आहे. साध्या ताणलेल्या गोल कातड्यातून निघणारे सूर एकमेकांशी बेबनाव करतात. मूळ सूर एक धरला तर त्यावरचे १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे अधलेमधले निघतात. म्हणून साध्या ढोलाला धड सूर नसतो, नुसता दणका असतो. मध्यभागी वजन चढवले की हे सूर सरकून दुप्पट, तिप्पट अशा सरळ हिशोबात येतात आणि कातडे गाऊ लागते. शाईच्या वाद्यांचे हे गुपित चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासोबत 'नेचर' या नियतकालिकात मांडले. त्यांना नोबेल मिळाले ते दहा वर्षांनी आणि प्रकाशावरच्या कामासाठी, पण त्याआधी ते मृदंग-तबल्याच्या शाईपाशी बराच काळ थांबले होते.

कणकेची एक खोड सगळ्या मृदंगाचार्यांना माहीत असते. ती वाळते. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत, पंख्यांच्या झोतात, तासाभरात कणकेला कडेने बारीक भेगा पडतात, तिचे पाणी उडून वजन कमी होते आणि डावीचा सूर चढू लागतो. म्हणून जाणता वादक अभंगाच्या चालीत, गायनाचार्य आलाप घेत असतानाच्या सवडीत, ओली बोटे हळूच कणकेवरून फिरवतो. साऊंडवाल्याने आठ वाजता बसवलेला आवाज दहा वाजता तसाच राहत नाही, त्याचे एक कारण हे आहे. मिक्सरवर बसलेला माणूस त्या वेळी बटणे फिरवत बसतो. उपाय खरे तर पाण्याच्या वाटीत असतो.

कर्ण्याने काय नेले

यंत्राने खालचा आवाज खाल्ल्याची तक्रार माईकपेक्षा जुनी आहे. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग १९०२ मध्ये कोलकात्यात ध्वनिमुद्रण करायला आला, तेव्हा गायिका गौहर जान यांना एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी गायला लागले. कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई, सुईखाली मेण. विजेचा संबंध नाही. या पद्धतीत साधारण अडीचशे हर्ट्झच्या खालचे फारसे काही उतरत नसे. १९२५ च्या सुमारास विजेचा माईक आला तोवरच्या तबकड्यांत डग्गा, पखवाज, ढोल यांचा तळ जवळपास नाहीच. त्या जुन्या तबकड्या ऐकून 'तेव्हाचे लोक असेच वाजवत' असे समजणे म्हणजे सुईचा दोष वादकाच्या माथी मारणे.

गावात लाऊडस्पीकर आला तो पुन्हा कर्ण्याच्याच रूपात. झाडाला, खांबाला, देवळाच्या शिखराला बांधलेला अॅल्युमिनियमचा कर्णा. कमी वॅटमध्ये लांब जाणारा, पावसात टिकणारा, बॅटरीवर चालणारा. वीज जाण्याची खात्री असलेल्या मुलखात त्याला तोड नव्हती. पण त्याचे अंग आवाजाला मर्यादा घालते. ढोबळ हिशोब असा की कर्ण्याच्या तोंडाचा घेर जेवढा, तेवढ्या लांबीच्या ध्वनिलहरीपर्यंतच तो नीट काम करतो. चाळीस सेंटिमीटर रुंद तोंडाचा घेर सव्वा मीटर भरतो. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. म्हणजे हा कर्णा पावणेतीनशे हर्ट्झच्या खाली हात टेकतो. धुमेच्या ६९ हर्ट्झची लहर पाच मीटर लांब. ती फेकायला पाच मीटर घेराचा, दीड मीटरहून रुंद तोंडाचा कर्णा लागेल. असा कर्णा कोणत्या झाडाला बांधणार?

त्यात माणसाचा कान आणखी भर घालतो. बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले की कान सगळ्या सुरांना सारखा तीक्ष्ण नसतो. आजच्या मोजमापांनुसार १००० हर्ट्झचा सूर दोन-अडीच डेसिबलला ऐकू येऊ लागतो, तर ६३ हर्ट्झचा यायला सदतीसच्या आसपास डेसिबल लागतात. ऊर्जेत हा फरक सुमारे तीन हजार पटींचा आहे. म्हणून मंडपापासून लांब जाता जाता सगळा आवाज सारखाच कमी झाला तरी आधी विझतो तो तळ.

दोन-तीन पिढ्यांनी कीर्तन असे कर्ण्यातून ऐकले. परिणाम वादनावरही झाला. ज्या बाजूचा आवाज गावापर्यंत पोचतो तीच जोरात वाजवावी हे स्वाभाविक होते. चाटेचे बोल, उजव्या हाताची तयारी, धिटधिटची लड यांना टाळी मिळू लागली. डाव्या हाताचा दाब, मोकळी थाप सोडून तिला श्वास घेऊ देणे, हे नुसत्या मंडपातल्यांसाठी उरले.

लोकरीचा स्वेटर

१९६६ साली लंडनच्या एबी रोडवरच्या स्टुडिओत जेफ एमरिक नावाचा वीस वर्षांचा पोरगा बीटल्सचे ध्वनिमुद्रण करायला बसला. तिथे कंपनीचे नियम कडक. ड्रमपासून माईक किती लांब ठेवायचा ते ठरलेले. हवेच्या धक्क्याने महागड्या माईकचा पडदा फाटेल ही भीती. एमरिकने रिंगो स्टारच्या किकच्या पोटात एक लोकरीचा स्वेटर कोंबला आणि माईक पुढच्या कातड्यापासून काही इंचांवर आणून ठेवला. ड्रम एकदम छातीवर येऊन बसला. नियम मोडल्याबद्दल त्याला जाब विचारण्यात आला, पण आवाज सगळ्यांना इतका पटला की पुढे जगभर तोच शिरस्ता झाला.

त्या स्वेटरने काय केले? मोठा मोकळा ड्रम एकदा ठोकला की बराच वेळ गुणगुणत राहतो आणि पुढचा ठोका मागच्याच्या गुणगुणीत बुडतो. लोकरीने ती गुणगुण शोषली; राहिला तो सुरुवातीचा भरीव ठोका. मृदंगावर हे काम कणीक करते, आणि उरलेले वादकाचा पंजा करतो: थाप मोकळी सोडायची की दाबून ठेवायची हे तो दर मात्रेला ठरवतो. त्यामुळे मृदंगात काही कोंबायची गरज नाही. एमरिककडून घ्यायचा तो दुसरा धडा, जवळ जाण्याचा.

त्यामागेही पदार्थविज्ञान आहे. एका दिशेने ऐकणारे माईक, म्हणजे आपल्याकडे दिसणारे बहुतेक सगळे, आवाजाच्या अगदी जवळ नेले की खालचे सूर फुगवून दाखवतात. निवेदक माईक ओठाला लावून बोलला की त्याचा आवाज भारदस्त होतो तो यामुळेच. हे फुगणे आवरण्यासाठी गायकांच्या माईकमध्ये तळ आधीच कापलेला असतो. १९६६ पासून चालत आलेला शुअरचा एसएम ५८, ज्याच्या नकला प्रत्येक मंडपात दिसतात, तो ५० हर्ट्झपासून ऐकतो खरा, पण शंभराच्या खाली त्याचा हात आखडता असतो. गळ्यासाठी ते योग्यच. धुमेपुढे तोच माईक फूटभर लांब उभा केला की तळ गेला. मूळच्या ऑस्ट्रियाच्या एकेजीचा डी ११२, शुअरचा बीटा ५२ए यांसारखे किकचे माईक २० हर्ट्झपर्यंत उतरतात. त्यांचे डोके मोठे, आतला पडदा भारी, जोरदार धक्का सोसणारा. सप्ताहाच्या साऊंडमध्ये असा एक जाड माईक असला तर मृदंगाचे निम्मे काम तिथेच होते.

तोही परवडत नसेल तर एक जुनी युक्ती आहे. स्पीकर आणि माईक मुळात एकच यंत्र, उलटसुलट. गुंडाळीला वीज दिली तर पडदा हलतो. पडदा हवेने हलला तर गुंडाळीत वीज निघते. एमरिकच्याच काळात, त्याच स्टुडिओत, बास गिटारच्या स्पीकरपुढे दुसरा स्पीकर माईक म्हणून ठेवला होता. पुढे कित्येकांनी सहा-आठ इंची वूफर किकसमोर उभा करून त्याची तार मिक्सरला दिली. वूफर वरचे काही ऐकत नाही, फक्त तळ ऐकतो. दुसऱ्या साध्या माईकच्या जोडीला तो बसवला की पोट भरते. बीडच्या कोणत्याही दुरुस्तीच्या दुकानात असे सुटे वूफर पडलेले असतात.

माईक कुठे, किती, कसा

आता प्रत्यक्ष मांडणी. मृदंगाला माईक एकच मिळणार असेल तर तो उजवीकडे लावायची सवय मोडावी. उजवी बाजू कडक असते, गायकाच्या आणि टाळांच्या माईकमध्येही ती आपोआप शिरते. डावीला कुणी वाली नसतो. माईक धुमेपासून चार ते सहा इंचांवर, हाताच्या वाटेतून बाजूला, तिरका. नेम अगदी कणकेवर धरला तर पंजाचा थपका जास्त येतो. कडेकडे नेला तर कातड्याची कडकड वाढते. कणीक आणि कड यांच्या मधल्या मोकळ्या कातड्याकडे तोंड ठेवून सुरुवात करावी आणि इंच-इंच सरकवत ऐकावे. इथे कान मंडपात नको. एकाने माईक सरकवावा, दुसऱ्याने वीस-पंचवीस पावलांवर स्पीकरसमोर उभे राहून हात वर करावा. स्टेजवर उभ्या माणसाला थेट मृदंगच ऐकू येतो, स्पीकरमधून काय जाते ते नीट कळत नाही.

मृदंगाचार्य गळ्यात मृदंग अडकवून नाचतो, पावली खेळतो, तेव्हा उभ्या स्टँडचा उपयोग नसतो. अशा वेळी खोडाला अडकवायची क्लिप लागते. क्लिपचा माईक वाद्याबरोबर फिरतो, अंतर बदलत नाही. वाद्यांना तो घासू नये म्हणून मधे फडक्याची घडी घालतात. बैठकीच्या भजनात स्टँड चालतो. पण स्टँड फळ्यांच्या स्टेजवर असेल तर टाळकऱ्यांची पावले धपधप करत त्याच माईकमध्ये चढतात. खाली जाड सतरंजीची किंवा गोणपाटाची चौघडी टाकली की ते थांबते.

दोन माईक मिळाले तर आणखी एक पेच उभा राहतो आणि चांगली चांगली सिस्टीम त्यात फसते. डाव्या पुडीवर थाप पडली की ती आत जाते. खोडातली हवा दाबली जाऊन उजवी पुडी बाहेर येते. म्हणजे डाव्या माईकपासून कातडे लांब जात असते, नेमके तेव्हा उजव्या माईककडे कातडे चालून येत असते. एकाचा संकेत वर, दुसऱ्याचा खाली. मिक्सरमध्ये दोन्ही एकत्र आले की तळाच्या सुरांत बेरजेची वजाबाकी होते. दोन माईक लावूनही मृदंग एकापेक्षा बारीक ऐकू येतो, तो असा. उपाय एका बटणाचा. मोठ्या मिक्सरवर प्रत्येक चॅनेलला गोलावर तिरकी रेघ काढलेले बटण असते; एका बाजूचे ते दाबायचे, पुन्हा सोडायचे, ज्या स्थितीत तळ जास्त ती ठेवायची. लहान मिक्सरवर हे बटण नसते. तिथे एका केबलच्या एकाच टोकाला दोन आणि तीन नंबरच्या पिनांच्या तारा अदलाबदल करून डाखायच्या आणि तिच्यावर लाल टेप गुंडाळायचा, म्हणजे ती चुकून गायकाच्या माईकला जाणार नाही.

तिसरी गोष्ट 'लो कट'ची. ८० किंवा १०० हर्ट्झच्या खालचे सगळे छाटणारे हे बटण. शिट्टी आणि हुंकार टाळायला साऊंडवाले ते सरसकट दाबून ठेवतात, आणि त्याबरोबर धुमेचा मूळ सूरही छाटला जातो. महाराजांच्या, गायनाचार्यांच्या, टाळांच्या, विण्याच्या माईकवर हे बटण दाबलेलेच असावे. फक्त धुमेचे सोडावे. तळाला जागा एकट्या मृदंगाची राहिली की तो कमी आवाजातही भरतो. मग हुंकार आलाच तर बेसचे डबे स्टेजपासून दूर, जमिनीवर ठेवावेत. स्टेजला टेकलेल्या डब्याचा आवाज धुमेचे कातडे स्वतःच हलवतो, माईक ते पुन्हा उचलतो, आणि एकच घोंगावणे सुरू होते. तळ वाढवण्याच्या घुंडीला हात लावण्याआधी अडीचशे ते चारशे हर्ट्झचा पट्टा थोडा उतरवून बघावा. मृदंग डबडबीत वाटतो तो बहुतेक त्या पट्ट्यामुळे. मधला चिखल काढला की तळ न वाढवताही वर येतो.

डीजेचा तळ

कुणी म्हणेल, तळाची आता काय उणीव? लग्नाच्या वरातीत, जयंतीच्या मिरवणुकीत, दसऱ्यानंतर कारखान्यांकडे निघणाऱ्या ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवरसुद्धा अठरा इंची स्पीकरचे डबे आहेत. घरातली भांडी वाजतात, पत्रे थरथरतात. बीडच्या पोराला खालच्या आवाजाचे वेड आहे आणि ते समजण्यासारखे आहे. कर्ण्याने जे दिले नाही ते डीजेने भरभरून दिले.

पण तिथला तळ यंत्रात बनतो. एका सुराचा ठोका, प्रत्येक वेळी तंतोतंत सारखा, वॅटच्या जोरावर मोठा केलेला. त्याला माईकच लागत नाही, म्हणून तो पकडण्याचे कष्टही नाहीत. धुमेचा ठोका दर वेळी वेगळा असतो: पंजा किती उघडा, मनगट कुठे टेकले, कणीक किती ओली. हा वेगळेपणा अठरा इंचीतूनही ऐकता येईल, माईकने तो नीट दिला तर. डबे आहेत, वॅट आहेत. कमी आहे ती माईकपाशी घालवलेल्या वेळाची.

या तळाचा कायद्याशीही एक विचित्र संबंध आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. हे माप 'ए' पद्धतीचे, म्हणजे कान हळू आवाजाला जसा ऐकतो त्या बेताने तळाला कमी गुण देणारे. ६३ हर्ट्झला मीटर २६ डेसिबल वजा करून दाखवतो. नुसत्या ६३ हर्ट्झचा आवाज प्रत्यक्षात ९० असला तर आकडा ६४ दिसेल. खिडक्या थरथरत असताना पोलिसांच्या हातातला मीटर तेवढा घाबरत नाही, त्याचे हे कारण. म्हाताऱ्या माणसाच्या छातीला मात्र वजाबाकी कळत नाही. खालचा आवाज भिंतीतून जातो, लांब जातो, आणि कमी मोजला जातो. तो देणाऱ्याने म्हणूनच जास्त जपून द्यायला हवा.

मोबाईलमध्ये काय उरते

सप्ताहाची आता सगळ्यात मोठी नोंद होते ती मोबाईलवर. महाराजांचे कीर्तन रात्रीत लाखोंपर्यंत पोचते. मोबाईलचा स्पीकर नखाएवढा. काही शे हर्ट्झच्या खाली त्याला काही वाजवता येत नाही. तरीही चांगल्या नोंदीतला मृदंग मोबाईलवर भरीव वाटतो. कारण कान मोठा हिकमती आहे. ६९ चा सूर ऐकू आला नाही तरी त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट सुरांची रांग नीट आली की डोके मूळ सूर आपोआप धरते. रामन यांनी सांगितलेले सरळ हिशोबाचे सूर इथे कामी येतात. मधल्या वजनाने सुरांत बसवलेले कातडे नसलेला तळही भासवते. फक्त ती रांग माईकने आधी पकडलेली असायला हवी. कर्ण्यासमोर मोबाईल धरून केलेल्या चित्रफितीत तीही नसते.

गावातल्या दहा बाय दहाच्या खोलीत ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. तीन मीटर अंतराच्या दोन भिंतींत ५७ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून उभा राहतो. खोलीच्या अगदी मध्यावर तो जवळपास शून्य होतो, भिंतीशी फुगतो. मृदंगाचार्य खोलीच्या मधोमध, माईकही मधोमध, ही दिसायला नीट मांडणी कानाला वाईट. वादकाला मध्यापासून सरकवून तिसऱ्या हिश्शावर बसवावे आणि कोपऱ्यांत गाद्या उभ्या कराव्यात.

हे सगळे करायचे कधी? सप्ताहाच्या दिनक्रमातच जागा आहे. संध्याकाळी हरिपाठ होतो, मग पंगती उठतात, आणि नऊला कीर्तन. हरिपाठ संपल्यावर स्टेज रिकामे असते. साऊंडवाला जेवायला गेलेला असतो आणि मृदंगाचार्य कुठेतरी कोपऱ्यात कणीक मळत बसलेला असतो. या दोघांची पहिली भेट होते ती महाराज उभे राहून 'मृदंग वाढवा' म्हणतात तेव्हा. तोवर उशीर झालेला असतो, आणि वाढवायला हातात एकच बटण असते. आयोजकांनी साऊंड ठरवतानाच दोन गोष्टी बोलून घ्याव्यात: तळापर्यंत उतरणारा एक जाड माईक आणायचा, आणि पंगती चालू असताना अर्धा तास मृदंगाचार्याबरोबर बसायचे. सात दिवसांच्या खर्चात हा खर्च पावतीपुस्तकाच्या कोपऱ्यातही दिसणार नाही.

त्याबरोबर मिक्सरमधून मृदंगाच्या दोन्ही बाजू वेगळ्या नोंदवून ठेवल्या तर आणखी एक काम होईल. या जिल्ह्यात आज साठी-सत्तरी ओलांडलेले मृदंगाचार्य आहेत, ज्यांचा डावा हात कर्ण्याच्या काळातही सुटला नाही. ते काय वाजवतात हे पुढच्या पोराला शिकायचे असेल तर त्याला डावी बाजू ऐकू आली पाहिजे. आजवर साठलेल्या चित्रफितींतून ती येत नाही. या हंगामापासून केलेल्या नोंदींतून येऊ शकते.